आधी नाव, मग गाव, मग चिखल

वाचकाचे पत्र, थोडक्यात:

ताई, सप्रेम नमस्कार. मी मूळची रत्नागिरी जिल्ह्यातली. लग्न होऊन गेली एकवीस वर्षे अमेरिकेत, लास वेगासला राहते. माझ्या यजमानांची आई हवाईच्या मूळ रहिवाशांपैकी, ओआहू बेटाच्या पूर्व किनाऱ्यावरील हेएइआ भागातली. वडील मात्र अमेरिकेच्या मुख्य भूमीवरचे. सासूबाई १९७२ साली बेट सोडून इकडे आल्या आणि गेल्या वर्षी वारल्या. तेव्हापासून यजमान अस्वस्थ आहेत. 'मी हवाईचा आहे असे सांगतो, पण मला तिथली भाषा येत नाही, जमीन ठाऊक नाही. पर्यटक म्हणून चार वेळा गेलो, एवढेच,' असे म्हणतात. त्यांनी आता हवाईमधले सात दिवसांचे एक आत्मविकास शिबिर शोधले आहे. त्यात होओपोनोपोनो (क्षमा आणि समेटाची हवाईयन रीत), पहाटेचे ध्यान, 'भूमीशी नाते जोडणे' असे सर्व काही आहे आणि शुल्क काही हजार डॉलर आहे. त्यांचे थोरले भाऊ ओआहूवरच राहतात, पण सासूबाईंचे जुने घर विकण्यावरून दोघांत सहा वर्षे अबोला आहे. आमची सतरा वर्षांची मुलगी हुला हा तिथला पारंपरिक नाच शिकायचे म्हणते. शिबिराला जावे का? नसेल जायचे, तर सुरुवात कुठून करावी? आणि या सगळ्यात माझे स्थान काय? मीसुद्धा गाव सोडलेलीच आहे.

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळच देते. शिबिराला जाऊ नये, निदान पहिले पाऊल म्हणून तरी नाही. ते घेणारी माणसे वाईट असतील असे मी म्हणत नाही. पण सात दिवसांचे असे शिबिर ज्याचे हवाईशी काहीही नाते नाही अशा माणसालाही तितकेच लागू पडते, किंबहुना त्याच्यासाठीच ते आखलेले असते. तुमच्या यजमानांची गोष्ट वेगळी आहे. त्यांचे नाते जन्मानेच ठरलेले आहे. ते कोणत्या घराशी, कोणत्या ओढ्याशी आणि कोणत्या माणसांशी आहे, एवढेच त्यांना माहीत नाही. ही माहिती जुन्या कागदांत आहे, थोरल्या भावाच्या आठवणीत आहे आणि हेएइआच्या चिखलात आहे.

हवाईयन भाषेत जमिनीला 'आइना' म्हणतात. 'आइ' म्हणजे खाणे, आणि 'आइना' म्हणजे जिच्यातून खायला मिळते ती, पोसणारी. या शब्दामागची कथा यजमानांनी लहानपणी आईकडून ऐकली असेल किंवा नसेलही. तुम्ही मात्र ती लक्षात ठेवा, कारण कोकणातल्या माणसाला ती चटकन उमगते. आकाशपिता वाकेआ आणि होओहोकूकालानी यांचे पहिले मूल मृत जन्मले. ते घराजवळ पुरले आणि त्या जागेतून कालोचे रोप उगवले. कालो म्हणजे आपला अळू. त्यानंतर झालेल्या मुलाला थोरल्याचेच नाव दिले, हालोआ, आणि तो माणसांचा पूर्वज ठरला. म्हणजे अळू हा माणसाचा थोरला भाऊ. धाकट्याने थोरल्याची निगा राखायची आणि थोरल्याने धाकट्याला पोसायचे, असा हा घरातला व्यवहार आहे. अळूच्या मूळ कंदाला जे फुटवे येतात त्यांना 'ओहा' म्हणतात, आणि कुटुंबासाठीचा 'ओहाना' हा शब्द त्यावरूनच आला असे मानतात.

ही कथा मनात धरली की 'भूमीशी जोडून घेऊन स्वतःचा विकास साधणे' ही कल्पना नेमकी कुठे अडखळते ते दिसते. थोरल्या भावाकडे कोणी स्वतःचा विकास साधायला जात नाही. त्याच्याकडे काम असते तेव्हा जातो, चार दिवस त्याच्या शेतात राबतो, त्याच्या पंक्तीला बसून जेवतो. त्या सहवासाने माणूस बदलतो हे खरे, पण तो बदल मागून घेता येत नाही. तिथे 'कुलेआना' असा एक शब्द आहे, ज्यात हक्क आणि जबाबदारी हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. आपल्याकडे त्याच्या सर्वांत जवळचा शब्द मला 'मान' हा वाटतो. तुमच्या गावी शिमग्याला पालखीला खांदा देण्याचा मान एखाद्या घराकडे असेल. तो त्या घराचा हक्क असतो, कोणी हिरावू पाहिला तर भांडणे होतात. पण त्या दिवशी त्या घरचा माणूस आला नाही तर गाव त्याला विचारते, आणि त्या विचारण्यापायीच मुंबईचा चाकरमानी रात्रीची गाडी पकडून उभ्याने गावी जातो. यजमान 'मी कोण आहे' असे स्वतःला विचारत आहेत. 'माझ्याकडे कोणता मान आहे, आणि मी किती वर्षे गैरहजर आहे' असे विचारले, तर त्या प्रश्नाचे उत्तर शोधता येण्यासारखे होईल.

आता त्यांच्या मनातल्या लाजेविषयी, कारण तिच्यामुळेच त्यांना भावाला फोन करण्यापेक्षा अनोळखी लोकांचे शिबिर सोपे वाटत असावे. भाषा येत नाही ही त्यांची चूक नाही आणि सासूबाईंचीही नव्हती. १७ जानेवारी १८९३ रोजी राणी लिलिउओकालानी यांची सत्ता होनोलुलूतील गोऱ्या व्यावसायिकांच्या एका गटाने, अमेरिकी युद्धनौकेवरून उतरलेल्या सैनिकांच्या आधाराने, उलथून टाकली. १८९६ साली नव्या राजवटीने शाळांतले शिक्षण इंग्रजीतूनच झाले पाहिजे असा कायदा केला आणि १८९८ साली बेटे अमेरिकेला जोडली गेली. त्यानंतरच्या पिढ्यांत शाळेत हवाईयन बोलणाऱ्या मुलांना शिक्षा होत असे. ज्या मुलांनी ती शिक्षा भोगली त्यांनी पुढे आपल्या मुलांना ही भाषा शिकवली नाही, आणि त्यामागे बहुतेक घरांत मायाच होती: जे आपल्या वाट्याला आले ते लेकरांच्या वाट्याला येऊ नये. तुमच्या सासूबाई अशाच मुलांच्या लेकी किंवा नाती असणार. १९७८ च्या घटना परिषदेनंतर हवाईयन ही राज्याची अधिकृत भाषा झाली, १९८४ मध्ये काउआई बेटावरील केकाहा येथे 'पूनाना लेओ', म्हणजे वाणीचे घरटे, या नावाची पहिली हवाईयन माध्यमाची बालशाळा भरली आणि १९८७ पासून सरकारी शाळांतही हवाईयन माध्यमाचे वर्ग सुरू झाले. पण तोवर सासूबाई वाळवंटातल्या तुमच्या शहरात संसार करत होत्या. यजमानांना हे सगळे सनावळीसकट सांगा. २०२० च्या जनगणनेत स्वतःची मूळ हवाईयन अशी नोंद करणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक माणसे हवाईच्या बाहेर राहत होती, आणि तुमच्या लास वेगासला तर हवाईचे लोक 'नववे बेट' म्हणतात. गैरहजर असलेले ते एकटे नाहीत.

सुरुवात नावापासून करा. हवाईयन समाजात वंशावळीला 'मोओकूआउहाउ' म्हणतात आणि तिचा मान फार मोठा आहे. 'कुमुलिपो' हे दोन हजारांहून अधिक ओळींचे सृष्टिस्तोत्र म्हणजे मुळात एक वंशावळच आहे, ज्यात प्रवाळापासून राजकुळापर्यंत सर्व जण एकाच माळेत येतात. सासूबाईंची आई, आजी, पणजी यांची नावे, जन्मगावे आणि साधारण साल एवढे एका वहीत लिहून काढा. मग एक कागद शोधा, ज्याच्यासाठी मी हे उत्तर इतके लांबवते आहे. १८९७ साली बेटे अमेरिकेला जोडण्याचा तह अमेरिकी सिनेटपुढे होता, तेव्हा 'हुई आलोहा आइना' या संघटनेच्या स्त्रियांच्या आणि पुरुषांच्या शाखांनी बेटाबेटांवर फिरून विरोधाच्या अर्जावर २१,२६९ सह्या गोळा केल्या. त्या वेळी मूळ हवाईयन लोकांची संख्या जेमतेम चाळीस हजारांच्या आसपास होती. म्हणजे दर दोन माणसांमागे एकाची सही. चार प्रतिनिधी तो अर्ज घेऊन वॉशिंग्टनला गेले आणि तहाला सिनेटमध्ये पुरेशी मते मिळाली नाहीत. पुढे साधे बहुमत पुरणाऱ्या संयुक्त ठरावाची पळवाट काढून सामीलीकरण झाले, ही गोष्ट निराळी. तो अर्ज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात पडून होता. १९९० च्या दशकात नोएनोए सिल्वा या अभ्यासक बाईंनी तो पुन्हा लोकांसमोर आणला, आणि त्याच्या पानांच्या प्रती मांडल्या गेल्या तेव्हा माणसे रांगेने आपल्या पणजोबांची, पणजींची नावे शोधू लागली. आज ती पाने घरबसल्या पाहता येतात. यजमानांच्या पणजीचे नाव त्यात असेलच असे मी सांगू शकत नाही. पण त्यांनी स्वतः एकेक पान उलटून, बोट फिरवत ते शोधावे. ते काम दुसऱ्या कोणावर सोपवू नये.

त्याखेरीज १८४८ ची जमीनवाटणी, जिला 'माहेले' म्हणतात, आणि १८५० चा कुलेआना कायदा यांच्या वेळची दफ्तरे आहेत. सामान्य कसणाऱ्यांच्या वाट्याला तेव्हा एकूण जमिनीच्या एक टक्काही आली नाही. पण ज्यांनी दावे दाखल केले त्यांच्या प्रकरणांत शेजाऱ्यांच्या साक्षी नोंदलेल्या आहेत, आणि त्यात अळूची खाचरे किती, पाट कुठून येतो, हद्दीला कोणाचे शेत आहे असे तपशील सापडतात. सातबारा आणि फेरफार वाचायची सवय असलेल्या मराठी माणसाला त्या कागदांत हरवून जायला होते. शिवाय १८३४ पासून शंभराहून अधिक वर्षे निघालेल्या हवाईयन वृत्तपत्रांची लाखाहून जास्त पाने आहेत; मृत्युलेख आणि शोकगीते यांतून घराण्यांची नावे मिळतात. मात्र जे सापडेल ते समाजमाध्यमांवर मांडू नका. वंशावळ ही घरात जपायची वस्तू आहे असे तिथली जाणती माणसे मानतात आणि ते योग्यच आहे. आणखी एक सांगते. कागद शोधताना 'रक्ताचे प्रमाण' हा शब्द समोर येईल, कारण १९२१ च्या कायद्याने मूळ हवाईयनांसाठी राखलेल्या जमिनीचा पट्टा मिळायला किमान निम्मे हवाईयन रक्त असण्याची अट घातली. ती अट अमेरिकेच्या काँग्रेसने घातली आहे. मोओकूआउहाउमध्ये माणूस अर्धा किंवा पाव नसतो. तो अमक्याचा मुलगा आणि अमकीचा नातू असतो.

आता भाऊ. तुमच्या पत्रात सहा वर्षांच्या अबोल्याला एकच ओळ आहे, आणि मला ती पत्रातली सर्वांत महत्त्वाची ओळ वाटते. होओपोनोपोनो हा शब्द हल्ली मराठी घरांतही पोचला आहे. 'मला क्षमा करा, मला वाईट वाटते, तुमचे आभार, माझे तुमच्यावर प्रेम आहे' ही चार वाक्ये डोळे मिटून घोकायची, असे त्याचे रूप अनेकांनी मोबाइलवर ऐकलेले असते. या वाक्यांनी कोणाला शांत वाटत असेल तर मला त्यात दोष काढायचा नाही. पण मूळ होओपोनोपोनो एकट्याने करायची गोष्टच नव्हे. ती भांडलेल्या माणसांनी एकत्र बसून करायची घरगुती रीत आहे. कुटुंबातले किंवा सर्वांना मान्य असलेले एक वडीलधारे माणूस मध्ये बसते. आरंभी प्रार्थना होते. मग गाठ नेमकी कुठे पडली ते प्रत्येकाने क्रमाने, एकमेकांवर न ओरडता, त्या वडीलधाऱ्या माणसाकडे पाहून सांगायचे असते. राग चढला तर मध्येच सर्वांनी गप्प बसायचे. मग चूक कबूल करणे येते, त्याला 'मिही' म्हणतात, आणि त्यानंतर दोन्ही बाजूंनी सोडून देणे, त्याला 'काला' म्हणतात. शेवटी पुन्हा प्रार्थना आणि एकत्र जेवण. यात काही वेळा अनेक दिवस जातात. यजमान हजारो डॉलर भरून ज्यांच्याशी त्यांचे भांडण नाही अशा लोकांच्या घोळक्यात क्षमा मागणार, आणि ज्याच्याशी आहे तो भाऊ त्याच बेटांवर स्वतःच्या घरी असणार, हे चित्र मला फार दुःखाचे वाटते.

भावाला पहिला फोन घराच्या व्यवहाराविषयी करू नये. आजीविषयी करावा. 'मी तिचे नाव शोधतो आहे, तुला काय आठवते?' एवढेच विचारावे. थोरला भाऊ बेटावर राहिला आहे, म्हणजे आजीची कबर कुठे आहे, कोणत्या ओढ्यावर आई खेळायची, कोणत्या घराशी येणे-जाणे होते हे त्याला माहीत असण्याची शक्यता सर्वांत जास्त. आपण ज्याला 'नाळ पुरलेली जागा' म्हणतो, तीसुद्धा त्या समाजात खरोखरीची आहे. बाळाच्या नाळेला आणि नाभीला 'पिको' म्हणतात. हवाई बेटावर पुउलोआ येथे थंड झालेल्या लाव्हाच्या खडकावर हजारो कोरीव खुणा आहेत, आणि त्यांतल्या लहान खळग्यांत बाळाच्या दीर्घायुष्यासाठी नाळ ठेवत असत. तुमच्या सासूबाईंच्या नाळेचे काय झाले हे भावाला कदाचित आईकडून कळलेले असेल. हे विचारताना घराच्या किमतीचा विषय निघणार नाही. आणि एक जुना संकेत तुमच्या कामी येईल: अळूचा कंद उकडून, कुटून केलेल्या पोईचे भांडे उघडे असताना भांडायचे नाही, कारण हालोआ, तो थोरला भाऊ, पंगतीला बसलेला असतो. दोघे भाऊ प्रत्यक्ष भेटतील तेव्हा मध्ये पोई असू द्या.

नावानंतर गाव. पूर्वी हवाईत जमिनीचे विभाग 'आहुपुआआ' या पद्धतीने पाडत. साधारणपणे डोंगरमाथ्यापासून समुद्रातल्या प्रवाळापर्यंतचा एक पट्टा, ज्यात लाकूड, पाणी, शेत आणि मासळी हे सर्व मिळते. हेएइआ हा असाच एक आहुपुआआ, कोओलाऊ डोंगरापासून कानेओहेच्या खाडीपर्यंतचा. तुमचे भाग्य असे की सासूबाईंचे गाव आज कामाने गजबजलेले आहे. तिथे खाडीच्या काठाशी सहा ते आठ शतकांपूर्वी बांधलेला ८८ एकरांचा मत्स्यतलाव आहे. दगडाची सुमारे दोन किलोमीटर लांबीची भिंत त्याला वळसा घालते आणि तिच्यातल्या 'माकाहा' नावाच्या झडपांतून लहान मासे आत येतात, वाढतात आणि मग त्यांना बाहेर पडता येत नाही. गोव्याच्या खाजणातली मानस, म्हणजे बांधातली पाण्याची झडप, ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. १९६५ च्या पुरात ही भिंत फुटली आणि तलाव हळूहळू ओसाड पडला. २००१ साली काही तरुण हवाईयनांनी 'पाएपाए ओ हेएइआ' ही संस्था काढून तो पुन्हा उभा करायला घेतला, आणि डिसेंबर २०१५ मध्ये शेकडो माणसांनी रांगेत उभे राहून हातोहात दगड पोचवत भिंतीतले मोठे खिंडार बुजवले. वरच्या पाणथळीत 'काकोओ ओइवी' ही संस्था सुमारे चारशे एकरांवर पुन्हा अळूची खाचरे उभी करते आहे. दोन्हीकडे ठरावीक दिवशी लोकांना कामाला बोलावतात. तिथे तुम्हाला एका गोष्टीचे नवल वाटेल: ज्या खारफुटीला आपण कोकणात जपतो, ती तिथे मुळासकट काढावी लागते. ती त्या बेटांवर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बाहेरून आणून लावली. तिची मुळे भिंतीच्या दगडांत शिरतात आणि गाळ अडवून तलाव मारतात. आपल्याकडचे बरोबर ते तिथेही बरोबर असे नसते, हे मी तिथेच शिकले.

मी ओआहूवर दोन वर्षे राहिले तेव्हा पहिल्यांदा अळूच्या खाचरात, त्याला तिकडे 'लोई' म्हणतात, उतरले तो दिवस आठवतो. गुडघ्याच्या वरपर्यंत चिखल, पाटाचे पाणी बर्फासारखे गार, आणि मी उत्साहाने आमच्याकडच्या अळूच्या फदफद्याचे वर्णन करत सुटले होते. कामावर देखरेख करणारे आजोबा तासभर काहीच बोलले नाहीत. नंतर त्यांनी माझ्या हातातली रोपे घेतली, मी तिरकी लावलेली ओळ उपटली आणि पुन्हा सरळ लावून दाखवली. त्यांच्या भाषेतल्या एका म्हणीचा अर्थ मला पुढे कळला: डोळ्यांनी पाहा, कानांनी ऐका, तोंड मिटून ठेवा. यजमानांना, तुम्हाला आणि मुलीलाही पहिल्या चार भेटींत एवढेच करायचे आहे. 'आमचे पूर्वज इथले' हे पहिल्याच दिवशी जाहीर करायची गरज नाही. विचारतील, तेव्हा आईचे आणि आजीचे नाव सांगावे. तिथे बहुधा लगेच कोणीतरी म्हणेल की अमुक आजी आमच्या आत्याच्या शेजारी राहत. हे नाव घेता यावे म्हणूनच आधी कागद शोधायला सांगितले.

अळू काढताना कंद कापून घेतात आणि त्याचा वरचा पातळसा काप देठासह ठेवतात. त्याला 'हुली' म्हणतात आणि तीच पुन्हा चिखलात रोवतात. म्हणजे आज जे रोप हातात येते ते नवे नसते. कोणाच्या तरी पणजोबांच्या खाचरातून हातोहात आलेले असते. एकेकाळी अशा सुमारे तीनशे जाती होत्या, आज त्यांतल्या थोड्याच उरल्या आहेत. २००६ साली हवाई विद्यापीठाने अळूच्या तीन वाणांवरचे पेटंट लोकांच्या विरोधामुळे सोडून दिले, कारण थोरल्या भावाची मालकी कोणाला कशी मिळावी, असा आंदोलकांचा प्रश्न होता आणि त्याला उत्तर नव्हते. लावलेली हुली तयार व्हायला बहुतेक जातींना नऊ महिने ते वर्ष, कधी त्याहून जास्त लागते. म्हणून माझा सल्ला असा, की शिबिराचे पैसे बाजूला ठेवून त्यातून पुढच्या तीन वर्षांत तीनदा ओआहूला जाण्याची तिकिटे काढावीत, आणि तीनही वेळा एकाच जागी जावे. जे लावले ते काढायला परत यायचेच, एवढे एकदा ठरले की बाकीचे आपोआप त्याभोवती जुळते. तिथे स्थलांतर करण्याचा विचार मात्र तूर्त नको. ओआहूवर साध्या स्वतंत्र घराची किंमत दहा लाख डॉलरच्या घरात गेली आहे आणि मूळ हवाईयन कुटुंबेच परवडत नाही म्हणून तुमच्या शहरात येत आहेत.

तिकिटे काढेपर्यंत थांबूनही राहू नका. हवाईच्या राजघराण्यातले प्रिन्स कुहिओ यांनी १९१८ साली पहिले हवाईयन नागरी मंडळ स्थापले. आता अशी मंडळे मुख्य भूमीवरही आहेत आणि नवव्या बेटावर ती असणारच. मुलीला हुला शिकायचे आहे ही फार चांगली गोष्ट आहे, आणि तिच्यासाठी चांगला 'हालाऊ', म्हणजे गुरुकुल, तुमच्या शहरातही मिळेल. निवडताना एवढे पाहा की गुरू, ज्यांना 'कुमू' म्हणतात, ते आपली परंपरा कोणाकडून आली हे सांगतात का, आणि नाचाआधी शब्द शिकवतात का. हुलामध्ये हातांच्या हालचाली शब्दांमागून येतात. १८३० साली राणी काआहुमानू यांनी, ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर, सार्वजनिक हुलावर बंदी घातली होती. पुढे राजा कालाकाउआ यांनी तो दरबारात परत आणला, म्हणून हिलो गावचा मोठा हुला महोत्सव आजही त्यांच्या आठवणीत भरतो. मुलीला दारात उभे राहून आत येण्याची परवानगी मागणारे 'ओली', म्हणजे पठण, शिकवतील. ते वडिलांनीही तिच्याबरोबर पाठ करावे. बापाने लेकीकडून भाषा शिकण्यात कमीपणा नाही. पूनाना लेओच्या पहिल्या वर्गांपासून कितीतरी आईबाप मुलांमागून असेच शिकले.

तुमच्या स्थानाविषयी तुम्ही अगदी शेवटी आणि संकोचाने विचारले आहे. तुम्ही लग्नाने हवाईयन होत नाही, तुमची मुलगी जन्माने आहे, आणि हा फरक मान्य करण्यात तुमचा अपमान नाही. तिथल्या लोकांच्या वतीने बोलणे, गळ्यात फुलांचा हार घालून छायाचित्रे प्रसिद्ध करणे, यजमानांच्या आधी पुढे होणे, एवढे टाळा. बाकी तुमच्याजवळ द्यायला खूप आहे. अळू खाजतो म्हणून काय करायचे, देठ कसे सोलायचे, चिखलात पाय कसा टाकायचा, हे त्या घरात कदाचित तुम्हालाच येत असेल. 'तू कुठली?' असे तिथे आवर्जून विचारतात. तेव्हा 'लास वेगासची' किंवा 'भारतातली' असे उत्तर देऊ नका; तुमच्या गावाचे, तिथल्या नदीचे नाव घ्या आणि तिथे काय पिकते ते सांगा. गाव सोडल्याची जी खंत तुमच्या पत्रात शेवटी डोकावते, ती मात्र हेएइआमध्ये भरून काढायला जाऊ नका. तुमचा स्वतःचा मान रत्नागिरीत कुठेतरी तुमची वाट पाहतो आहे. ते पत्र तुम्ही मला वेगळे लिहा, त्याचेही उत्तर देईन.

पहिली खेप नोव्हेंबरच्या अखेरीस करता आली तर पाहा. त्या सुमारास सूर्यास्ताबरोबर पूर्वेला 'माकालीइ' उगवतो आणि 'माकाहिकी' हा लोनो देवाचा, पूर्वी युद्धबंदीचा असलेला, चार महिन्यांचा काळ सुरू होतो. माकालीइ म्हणजे आपल्या कृत्तिका. कार्तिक महिन्याला ज्यांच्यावरून नाव मिळाले त्याच. पूर्वी या चार महिन्यांत भांडणे मिटवून ठेवत, तेव्हा भावाला फोन करायला यजमानांना आणखी एक निमित्त मिळेल. पण तोपर्यंत थांबू नका. वही आजच काढा, सासूबाईंच्या आईचे नाव पहिल्या ओळीवर लिहा, आणि १८९७ च्या पानांत काही सापडले तर मला अवश्य कळवा.